खबर, नोंद आणि शून्य : भोर-वेल्ह्याच्या गुन्हेनोंदीचा इतिहास

गुन्ह्यांचा आकडा म्हणजे समाजाच्या वर्तनाचा आरसा, अशी समजूत आपल्या शिक्षित वर्गात रूढ आहे. आकडा वाढला की गुन्हेगारी वाढली, आकडा घटला की शांतता नांदू लागली, असे वर्तमानपत्रे लिहितात आणि अधिकारी बैठकांतून सांगतात. दलितांवरील अत्याचारांच्या बाबतीत हा युक्तिवाद आणखी पुढे नेला जातो. एखाद्या ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली एकही गुन्हा दाखल झाला नसेल, तर तेथे सामाजिक सलोखा आहे असा निर्वाळा दिला जातो. खेदाची गोष्ट अशी, की आपल्यातले काही कार्यकर्तेही हा निर्वाळा मान्य करून मोकळे होतात.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील दोन डोंगराळ तालुके घेतले आहेत. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्हे तालुक्याला आता 'राजगड' हे नाव मिळाले आहे; परंतु जुन्या दप्तरांत तो वेल्हे म्हणूनच येतो, म्हणून येथे तेच नाव वापरले आहे. हे तालुके निवडण्याचे कारण असे, की येथे जुनी वतनी व्यवस्था संस्थानी अमलाखाली १९४८ पर्यंत टिकून होती, आणि एका सबंध जातीला गुन्हेगार ठरविणाऱ्या इतिहासाचा एक महत्त्वाचा प्रसंगही याच मातीत घडला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याचे बोलणे ऐकून घेतले जाते त्याचाच गुन्हा दप्तरात उतरतो. त्यामुळे एकाच दप्तरात काही जाती आरोपी म्हणून वाजवीपेक्षा अधिक दिसतात आणि फिर्यादी म्हणून जवळजवळ दिसतच नाहीत. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानून आपण त्यांचा विचार करीत आलो. त्यांचा उगम एकच आहे.

१. गावगाड्यातील खबर

भोर-वेल्ह्याचा प्रदेश म्हणजे जुने मावळ. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही त्याची जुनी नावे. तोरणा, राजगड आणि रोहिडा हे किल्ले याच मुलखात आहेत. पेशवाई बुडाल्यानंतरही पंतसचिवांचे भोर संस्थान टिकले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे त्याचे पाच तालुके होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे १३० वर्षे शेजारच्या हवेली-पुरंदरात इंग्रजांचा कायदा आणि येथे संस्थानचा कारभार, अशी स्थिती होती. कायदे वेगळे असले तरी गावातली उतरंड दोन्हीकडे सारखीच होती.

या उतरंडीत गुन्ह्याची खबर कशी फिरत असे? गावच्या बंदोबस्ताला पाटील जबाबदार. दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. राखण रामोशाकडे. शीव दाखविणे, वेशीवर पहारा देणे, सरकारी टपाल व खजिना पोचविणे, पाटलाचा सांगावा नेणे ही कामे महाराची. चोरी झाली की रामोशी माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावावर जाई. माग आपल्याच शिवारात विरला तर गेलेला ऐवज भरून देण्याची पाळी रामोशावर येई. वतनाच्या मोबदल्यात त्याने हे ओझे उचलायचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खबर वाहून नेणारा महार, माग काढणारा रामोशी, खबर सांगणारा पाटील आणि ती लिहिणारा कुलकर्णी, अशी ही साखळी होती. राज्यसंस्थेचे पाय, डोळे आणि कान गावकुसाबाहेरचे होते. तोंड आणि लेखणी मात्र गावकुसाच्या आत होती. महाराने हजारो खबरी वाहिल्या, पण त्याची स्वतःची खबर कोण वाहणार? वेठ नाकारली म्हणून पाटलाच्या माणसांनी त्याला झोडपले, तर त्याची वर्दी पाटलाकडेच द्यायची होती. ती दप्तरात गुन्हा म्हणून उतरण्याचे काही कारण नव्हते. वतनदार चाकराला लावलेली ती शिस्त ठरत असे.

इंग्रजी मुलखात १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने ही रचना मोडली नाही, तिला कायद्याचे रूप दिले. पाटील पोलीसपाटील झाला आणि कनिष्ठ गावनोकर त्याच्या हुकुमाखाली राहिले. १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. त्या विधेयकाची चर्चा आपण बहुधा वेठ आणि बलुते यांपुरतीच करतो. पण वतन सुटणे म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच चाकरीतून सुटणे, हाही त्याचा अर्थ होता. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे १ जानेवारी १९६३ पासून गेली. पोलीसपाटलाची नेमणूक वारशाऐवजी सरकारी आदेशाने करणारा महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा १९६७ साली आला. म्हणजे संविधान लागू झाल्यावरही १७ वर्षे गावपातळीवरील गुन्ह्याची पहिली खबर जुन्याच दारातून जात होती.

२. पाठलाग करणाऱ्याने लिहिलेला इतिहास

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. किल्ल्यांच्या मेटांवर रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी हेच राखणदार होते. १८१८ नंतर पुरंदरसारख्या किल्ल्यांवरील ही राखण इंग्रजांनी मोडली आणि तिच्याबरोबर असलेले हक्क, इनामे गेली. ज्यांचे काम पहारा करण्याचे होते ते रातोरात निरुपद्व्यापी ठरले. म्हणजे सरकारच्या लेखी संशयित ठरले. उमाजी नाइकांचे बंड या स्थितीतून उभे राहिले. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रौली गावी फितुरीने उमाजींना पकडण्यात आले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

या पाठलागाची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्या कॅप्टन ॲलेक्झांडर मॅकिन्टॉशने पुढच्याच वर्षी रामोशी जमातीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. बंडखोराला पकडणारा अधिकारीच त्याच्या जातीचा पहिला इतिहासकार झाला. पुढे ज्यांनी ज्यांनी रामोशांविषयी लिहिले त्यांना हे पुस्तक ओलांडून जाणे शक्य नव्हते. १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले तेव्हा चोरी ही बाब जातीच्या वर्णनातच येऊन बसली होती. एका बंडाच्या बंदोबस्ताचा अहवाल अशा रीतीने एका जातीचे शील झाला.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ही या विचाराची कायदेशीर परिणती होती. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. या कायद्याखाली नोंदविलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडण्यापूर्वी परवाना घ्यायचा. हजेरी चुकली की तोच गुन्हा. शेजारच्या बाजाराला परवान्याविना गेला की तोही गुन्हा. यात कोणाचे काही चोरीला गेलेले नसे, कोणाला इजा झालेली नसे. तरीही शिक्षा होई आणि शिक्षेचा आकडा वाढे. वाढलेला आकडा पुन्हा त्या जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा म्हणून पुढे केला जाई. कायद्यानेच गुन्हा निर्माण करावा आणि त्या गुन्ह्याच्या आकड्यावर कायद्याने आपले समर्थन करावे, असे हे चक्र होते.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतील १४ नावांमध्ये आहेत. परंतु १९५९ च्या सराईत गुन्हेगार कायद्याने नोंदवहीची सवय चालू ठेवली, आणि एखाद्या वाडीवर चोरी झाली की जवळच्या रामोशी-पारधी वस्तीवरून चौकशीला आरंभ करण्याची पद्धतही गेली नाही. ज्याच्या दारात पोलीस रोज जातो त्याच्याकडे काही ना काही सापडते. ज्याच्या वाड्यात तो कधी पाऊल टाकीत नाही त्याच्याकडे काहीच सापडत नाही. दारूबंदीच्या गुन्ह्यांचे असेच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील आकडा हा किती लोक दारू गाळतात याचा नसतो. छापे कोणाच्या झोपडीवर पडले याचा तो आकडा असतो. हातभट्टीच्या प्रकरणात कातकरी बाई आरोपी म्हणून नोंदली जाते. तिला गूळ-नवसागर पुरविणारा आणि माल उचलणारा क्वचितच सापडतो.

३. एकच अधिकारी, दोन दप्तरे

या दोन बाजू एकमेकींशी किती घट्ट बांधलेल्या आहेत याचे एक ठळक उदाहरण आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्षांच्या नावावरून ती स्टार्ट समिती म्हणून ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते. तिचा अहवाल १९३० साली आला. हे ओ. एच. बी. स्टार्ट कोण? मुंबई इलाख्यातील गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहणारे सनदी अधिकारी. एका दप्तरात विमुक्तांची हजेरी मांडणाऱ्या अधिकाऱ्यावर दुसऱ्या दप्तरात अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडण्याचे काम आले.

त्या गाऱ्हाण्यांत समितीला काय आढळले? अस्पृश्यांनी आपले हक्क बजावताच स्पृश्य समाज त्यांच्यावर बहिष्कार टाकतो. त्यांना कामावर घेत नाही, जमिनी काढून घेतो, दुकानदार माल देत नाहीत, वाट बंद होते. आणि या सर्वाविरुद्ध कायद्याचा उपाय नसतो. कारण यातील एकही कृती, सुटी घेतली तर, त्या वेळच्या कायद्यात गुन्हा नव्हती. मारहाण झाली तर निदान मारहाणीचा रकाना होता. बहिष्काराला रकानाच नव्हता. म्हणून गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी मांडलेल्या संरक्षणाच्या कलमांत सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा मानावा अशी मागणी होती, आणि तिचा नमुना त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून घेतला होता.

या मागणीचे पुढे काय झाले ते पाहावे. १९७२ साली पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यातील बावडा गावी दलितांवर बहिष्कार टाकण्यात आला. दलित पँथरच्या स्थापनेमागे ज्या घटना होत्या त्यांत बावड्याचा उल्लेख नेहमी होतो. त्या वेळीही बहिष्काराला पोलीस दप्तरात स्वतंत्र जागा नव्हती. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ मध्ये अमलात आला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख २०१५ च्या दुरुस्तीने झाला. स्टार्ट समितीच्या अहवालापासून मोजले तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात या एका गुन्ह्याला नाव मिळण्यास ८५ वर्षे लागली. तोवर भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत किती वस्त्यांचे पाणी तुटले आणि किती कुटुंबांची मजुरी बंद झाली हे कोणत्याही सरकारी तक्त्यावरून सांगता येणार नाही. तेथे दिसणारे शून्य हे शून्य नव्हतेच. ती रिकामी जागाही नव्हती. रकानाच आखलेला नव्हता.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर परतणाऱ्या लोकांवर जो हल्ला झाला, त्याबद्दल काही हल्लेखोरांना शिक्षा झाल्या. त्या वेळी बाबासाहेबांनी नोंदविलेले निरीक्षण असे होते, की जिल्ह्यातील मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणूनच हा न्याय मिळू शकला. कायदा तोच असतो. तो चालविणारा हात कोणाचा आहे यावर त्याचे फळ ठरते. गुन्ह्याच्या नोंदीलाही हेच लागू आहे.

४. धर्मांतर आणि हरवलेले फिर्यादी

१९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि त्यातील गुन्हे आपसात मिटविण्याची मुभा गेली. या २१ वर्षांत मिटविण्याची मुभा कोणाच्या सोयीची होती हे सांगायला नको. दिवसभर ठाण्यात बसवून, गावातल्या चार प्रतिष्ठितांना बोलावून, ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचे आहे त्याच्याशी हात मिळविण्यास सांगितले की 'सामोपचार' झाला. सामोपचाराचाही आकडा कोठे नसे.

याहून विलक्षण गोष्ट महाराष्ट्रातील बौद्धांच्या वाट्याला आली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी धम्म स्वीकारला ते केंद्राच्या व्याख्येत अनुसूचित जातीत राहिले नाहीत. राज्य सरकारने १९६० नंतर त्यांना सवलती दिल्या, परंतु केंद्रीय यादीत त्यांचा समावेश १९९० सालीच झाला. १९५५ च्या कायद्यात अशी तरतूद होती, की अन्याय अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर झाला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच झाला असे न्यायालयाने गृहीत धरावे. बौद्ध फिर्यादीला हे गृहीतक लागू होत नव्हते. म्हणजे पाणवठ्यावर त्याला अडविणारा गावकरी त्याला पूर्वीचाच अस्पृश्य मानीत होता, आणि कायदा मात्र त्याला विचारीत होता, की तुझ्यावरचा अन्याय जातीमुळे झाला हे तू सिद्ध कर. ३४ वर्षे हा प्रकार चालू होता. या काळातील अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे केंद्रीय आकडे वाचताना महाराष्ट्रातील मोठा जनसमूह त्या व्याख्येच्या बाहेर उभा होता हे विसरून चालणार नाही.

३० जानेवारी १९९० रोजी अत्याचार प्रतिबंधक कायदा अमलात आला, आणि १९९५ साली त्याचे नियम झाले. त्यानंतरही नोंदीचा दरवाजा आपोआप उघडला नाही. तो कसा लावून घेतला जातो हे समजून घेण्यासाठी आजच्या ठाण्याच्या कामाकडे वळले पाहिजे.

५. ठाण्यातील पायऱ्या

वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीतील मजूर ठाण्यात येतो तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. पावसाळ्यात तर वाटच कित्येकदा बंद असते. तेथे त्याचे म्हणणे तीनपैकी एका रूपात कागदावर येऊ शकते. पहिले रूप तक्रार अर्जाचे. अर्जावर शिक्का बसतो, 'चौकशी करू' असे सांगितले जाते, परंतु अर्ज हा गुन्हा नसतो आणि गुन्ह्यांच्या आकडेवारीत तो धरला जात नाही. दुसरे रूप अदखलपात्र नोंदीचे, ज्याला सारे एन. सी. म्हणतात. शिवीगाळ, धमकी, किरकोळ मारहाण या सदरात घातली की पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करता येत नाही. जातिवाचक शिवीगाळ सार्वजनिक ठिकाणी झाली असेल तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील दखलपात्र गुन्हा आहे. पण जबाब लिहिताना जातीचा उल्लेख गळाला की तीच घटना एन. सी. होते. तिसरे रूप प्रथम खबरी अहवालाचे. येथेच गुन्हा रजिस्टर क्रमांक पडतो आणि येथूनच आकडा जन्माला येतो.

अर्ज, एन. सी. आणि गुन्हा या तीन पायऱ्यांत किती माणसे कोणत्या पायरीवर थांबली याचा हिशेब कोणी प्रसिद्ध करीत नाही. गुन्हा नोंदला गेला तरी अडथळे संपत नाहीत. दुसऱ्या दिवशी विरुद्ध बाजूची फिर्याद येते. तीत चोरी, विनयभंग किंवा दरोडा लावलेला असतो. मग दोन्ही बाजूंना समजावले जाते. तपास संपला की महाराष्ट्राच्या पद्धतीप्रमाणे समरी मागितली जाते. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा शोध लागला नाही, 'ब' म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे फिर्याद गैरसमजातून झालेली किंवा बाब दिवाणी स्वरूपाची. पुण्याच्या शेजारामुळे भोर-वेल्ह्यात जमिनीला आलेली किंमत ध्यानात घेतली, तर 'बाब दिवाणी आहे' या तीन शब्दांचे वजन कळते. सहा-ब प्रकारच्या महार वतनाच्या जमिनीवरून दलिताला हुसकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील गुन्हा आहे. परंतु ठाण्यात त्याला प्रांत कार्यालयाचा किंवा दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखविला जातो, आणि तक्त्यात काही उमटत नाही.

पुढची पायरी आकडे एकत्र करण्याची. देशभराचे 'क्राइम इन इंडिया' हे वार्षिक प्रकाशन १९५३ च्या आकड्यांपासून निघत आले आहे. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाल्यावर ते काम त्याच्याकडे आले. या प्रकाशनाचा एक नियम आहे. एका प्रथम खबरी अहवालात अनेक गुन्हे असतील तर ज्याला सर्वांत जास्त शिक्षा आहे तोच मोजावयाचा. बाकीचे गुन्हे तेथे लुप्त होतात. दुसरी गोष्ट अशी, की यातील तक्ते पोलीस जिल्ह्यांचे असतात. भोर-वेल्ह्याचे गुन्हे 'पुणे ग्रामीण' या एका ओळीत जातात. तालुक्याचा आकडा या छापील ग्रंथात मिळत नाही.

ठाण्याची हद्द आणि तालुक्याची हद्दही एक नाही. राजगड पोलीस ठाणे नसरापूरला, म्हणजे भोर तालुक्यात आहे; पुणे-सातारा महामार्गाचा मोठा पट्टा आणि हवेली तालुक्यातील खेड-शिवापूरचा परिसरही त्याच्या कामात येत आला आहे. आता वेल्हे तालुक्याचेच नाव राजगड झाल्यामुळे उद्याच्या अभ्यासकाचा गोंधळ होणार हे निश्चित. महामार्गावरील अपघात, लूटमार आणि टोलनाक्यावरील भांडणे यांनी एका ठाण्याचा आकडा फुगतो, आणि आतल्या खोऱ्यातील ठाणे त्याच्या तुलनेत शांत दिसते. ही शांतता माणसांच्या वागण्यातून आली की रस्त्याच्या अभावातून, हे आकड्यावरून कळत नाही.

हे सर्व पोलिसांच्या दुष्ट बुद्धीतून घडते असे मानणे सोपे आहे, पण अपुरे आहे. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या अहवालांत मान्य केले होते, की अधिकाऱ्याचे काम गुन्ह्यांच्या आकड्यावरून जोखले जात असल्यामुळे गुन्हा न नोंदविण्याकडे कल होतो. ज्याच्या हद्दीत गुन्हे कमी तो कार्यक्षम, असा मापदंड वरून लावला गेला की खालचा अंमलदार नोंद टाळणारच. आणि ज्याची नोंद टाळली तरी काही बिघडत नाही, त्याचीच नोंद तो आधी टाळणार. सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिताकुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. नोंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागते, यातच त्या आधीच्या आकड्यांचे मूल्य उघड होते.

६. आकडा परत फिरतो

आकड्यांचा हा प्रश्न अभ्यासकांपुरता असता तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु ठाण्यात तयार झालेला आकडा फिरून आपल्याच अंगावर येतो. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी असे निर्देश दिले. ते प्रकरण भोरला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यातील, कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातून उद्भवले होते. कायद्याचा गैरवापर होतो हे दाखविण्यासाठी त्या निकालात खोट्या ठरलेल्या आणि निर्दोष सुटलेल्या प्रकरणांच्या सरकारी आकडेवारीचा आधार घेतला होता. म्हणजे ठाण्यात दिलेल्या समऱ्या, फितूर झालेले साक्षीदार, वर्षानुवर्षे रेंगाळलेले खटले यांची बेरीज होऊन ती पीडितांच्याच विरुद्ध पुरावा झाली. १८७१ च्या कायद्याचे चक्र येथे उलट दिशेने फिरलेले दिसते. तेथे शिक्षेचा आकडा जमातीला गुन्हेगार ठरवीत होता. येथे शिक्षा न होण्याचा आकडा फिर्यादी जातीला खोटारडी ठरवू लागला.

२ एप्रिल २०१८ च्या भारत बंदनंतर संसदेने त्याच वर्षी कायद्यात १८-अ हे कलम घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले आणि खटला सुटला म्हणजे फिर्याद खोटी असे म्हणता येत नाही, तपासातील दोषही त्याला कारण असू शकतात, हे मान्य केले. पण दरम्यान 'खोट्या केसेस' हा शब्द गावोगाव पोचला होता, आणि तो अद्याप ठाण्याच्या बाकावर बसलेल्या फिर्यादीला ऐकविला जातो.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ रोजी घडले. एका दलित कुटुंबातील चौघांच्या हत्येने महाराष्ट्र हादरला. २००८ च्या निकालात आरोपींना खुनासाठी शिक्षा झाल्या, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध झाला नाही. ज्या घटनेला सबंध देश जातीय अत्याचार म्हणून ओळखतो, ती त्या कायद्याखालील शिक्षांच्या हिशेबात नाही. २०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा वाचताना खैरलांजी डोळ्यांपुढे ठेवावी, आणि जेथे शून्य आहे तेथला तक्ता वाचताना अधिकच.

७. आपले दप्तर

मग आकडे टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी प्रत्येक प्रश्न आकड्यांनिशी मांडला, हे आपण विसरू नये. आकडा कसा तयार होतो हे जाणून तो मागितला पाहिजे, आणि जो मिळत नाही तो आपण तयार केला पाहिजे.

भोर, राजगड आणि वेल्हे या ठाण्यांकडे माहिती अधिकाराखाली गुन्ह्यांची संख्या मागून भागणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे तक्रार अर्ज किती आले, त्यांतील किती एन. सी. झाले, किती गुन्हे झाले, कितींत 'ब' आणि 'क' समरी मागितली गेली आणि विरुद्ध फिर्याद किती दिवसांनी आली, ही पाच उत्तरे एका ओळीत मागावीत. ठाणे न ऐकेल तर फिर्याद लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीबाहेरच्या ठाण्यातही फिर्याद देण्याची सोय कायद्यात आणली आहे. पावसात तुटणाऱ्या वाड्यांसाठी ती मोलाची आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील गुन्ह्याला प्राथमिक चौकशीची अट नाही आणि तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. फिर्याद वाचून दाखविणे व तिची प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जिल्हा आणि उपविभागीय दक्षता समित्यांत आपले जे सदस्य आहेत त्यांनी चहा पिऊन सह्या करण्यापूर्वी शून्याचा हिशेब विचारावा.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना याहून मोठे काम आहे. प्रत्येक वस्तीत अशा घटना लोकांच्या स्मरणात आहेत, ज्यांची ठाण्यात नोंद नाही. कोणत्या साली पाणी बंद झाले, कोणाची जमीन गेली, कोणत्या भांडणानंतर कोणते कुटुंब मुंबईला निघून गेले, हे वृद्ध माणसे सांगतात. ते साल, ठिकाण आणि घटना यांसह लिहून ठेवावे. नावे उघड करण्याची गरज नाही. याच वहीत रामोशी, पारधी आणि कातकरी वस्त्यांवर किती वेळा संशयाने धाड पडली आणि त्यातील कितींत काहीच निघाले नाही, हेही लिहावे. फिर्यादी म्हणून हरवलेला बौद्ध आणि आरोपी म्हणून फुगवलेला रामोशी यांच्या चळवळी आज वेगवेगळ्या चालतात. ही दोन्ही माहिती एका वहीत आली, तर आपल्याला एकाच दप्तराने दोन रीतींनी नाडले हे त्यांना दिसेल.

महाराने शतकानुशतके दुसऱ्यांची खबर शिवेपर्यंत पोचविली. आता आपल्या गावाची खबर आपणच लिहायची आहे. ती जोवर लिहिली जात नाही, तोवर कोणत्याही बैठकीत शून्य हा आकडा वाचून दाखविला गेला तर आपण मान डोलावू नये; तो कोणी लिहिला हे विचारावे.